टूल ‘यशस्वी’ म्हणते, पण डोमेनची संपर्क-नोंद जुनीच राहते: लक्षणे आणि तपासणीचा क्रम

लहान उद्योग, शिक्षणसंस्था आणि काही पतसंस्था यांची मिळून शंभराच्या आसपास डोमेन नावे मी सांभाळतो. प्रत्येक डोमेनची एक संपर्क-नोंद असते. नोंदणीधारक कोण, पत्ता कोणता, ईमेल आणि दूरध्वनी कोणता, हे तीत लिहिलेले असते. पूर्वी या नोंदी मी रजिस्ट्रारच्या (डोमेनची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीच्या) पॅनेलमध्ये शिरून एकेक करून बदलत असे. आता त्या एका फाइलमध्ये लिहिलेल्या आहेत, आणि एक टूल ती फाइल वाचून रजिस्ट्रारच्या एपीआयमार्फत, म्हणजे प्रोग्रामने थेट विनंत्या पाठवण्याच्या सोयीमार्फत, नोंदी जुळवून घेते. टेराफॉर्म किंवा ॲन्सिबल ही तयार साधने वापरा किंवा पायथनमध्ये स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट वापरा, बिघाड मात्र फिरून फिरून तोच येतो, आणि तो टूलमध्ये असतो असे मला क्वचितच आढळले आहे.

लक्षणे

सर्वांत जास्त दिसणारे लक्षण असे की, टूल चालवले की ते ‘बदल यशस्वी’ असे सांगते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवल्यावर तोच बदल नव्याने करायचा असल्याचे दाखवते. फाइलला कोणी हात लावलेला नसतो, तरी हे रोज चालू राहते. दुसरे लक्षण याचेच भावंड आहे: टूलच्या मते सर्व काही जुळलेले असते, पण बाहेरून नोंद पाहिली तर जुनाच ईमेल दिसतो, किंवा नाव-पत्त्याच्या जागी ‘माहिती झाकलेली आहे’ एवढेच दिसते.

तिसऱ्या प्रकारात टूल थेट चूक दाखवते. रजिस्ट्रार आणि रजिस्ट्री (डॉट कॉमसारख्या एका प्रकारच्या सर्व डोमेनची मुख्य यादी ठेवणारी संस्था) एकमेकांशी ईपीपी नावाच्या नियमावलीने बोलतात आणि तिचे चुकांचे क्रमांक ठरलेले आहेत. २००५ म्हणजे दिलेल्या माहितीची मांडणी चुकली, २३०४ म्हणजे नोंदीला कुलूप आहे, २३०६ म्हणजे मांडणी बरोबर असली तरी रजिस्ट्रीच्या धोरणात ती बसत नाही, आणि २२०१ म्हणजे हा बदल करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. बरेच रजिस्ट्रार हे क्रमांक आपल्या संदेशात जसेच्या तसे पुढे देतात, म्हणून ते वाचल्याखेरीज संदेश पुसू नये.

चौथे लक्षण सर्वांत महाग पडते, कारण ते उशिरा दिसते. बदल नीट झाला, सगळे खूश झाले, आणि सुमारे दोन आठवड्यांनी संकेतस्थळ आणि ईमेल दोन्ही एकदम बंद पडले. सर्व्हर चालू असतो, होस्टिंगचे पैसे भरलेले असतात, नेमसर्व्हरही (डोमेनचा सर्व्हर कुठे आहे हे सांगणारे संगणक) बरोबर असतात. अशा वेळी लोक दोन-तीन दिवस होस्टिंगवाल्याशी भांडण्यात घालवतात, आणि या प्रकारात होस्टिंगवाल्याचा काहीही दोष नसतो.

आधी टूल थांबवा

तपासणी सुरू करण्यापूर्वी टूल आपोआप चालवणारे वेळापत्रक बंद करावे. नोंदणीधारकाचे नाव किंवा ईमेल बदलण्याची प्रत्येक विनंती रजिस्ट्रारकडून नवा पुष्टीचा ईमेल सुटायला कारण होऊ शकते, आणि नवा ईमेल सुटला की बहुधा आधीच्या ईमेलमधला दुवा निकामी होतो. टूल दर रात्री दोन वाजता तीच विनंती पाठवत असेल, तर संस्थेतील लिपिकाने सकाळी अकरा वाजता दाबलेला दुवा कालचा, म्हणजे मेलेला, असतो. बदल का टिकत नाही याचे निम्मे उत्तर मला बऱ्याचदा इथेच मिळाले आहे.

१. पुष्टीचा ईमेल शोधा

ही तपासणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि तरीही लोक ती शेवटी करतात. तिचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

डॉट कॉम, डॉट ओआरजी यांसारखी जेनेरिक, म्हणजे कोणत्याही देशाची नसलेली, डोमेन आयकॅन या जागतिक नियामक संस्थेच्या नियमांखाली येतात. आयकॅनने रजिस्ट्रारांशी केलेल्या २०१३ च्या करारानुसार नवी नोंदणी झाल्यावर किंवा नोंदणीधारकाची माहिती बदलल्यावर रजिस्ट्रारने १५ दिवसांत ईमेल किंवा दूरध्वनी यांपैकी एकाची पडताळणी करायची असते. पडताळणी म्हणजे त्या पत्त्यावर संदेश पाठवायचा आणि समोरून होकार मिळवायचा. होकार आला नाही तर रजिस्ट्रारने स्वतः चौकशी करून खात्री करावी, नाहीतर पडताळणी होईपर्यंत डोमेन स्थगित ठेवावे, असे करारात आहे. चौथ्या लक्षणातील ‘सुमारे दोन आठवडे’ आले ते इथून. त्याच ईमेलची पडताळणी त्याच रजिस्ट्रारकडे पूर्वी झालेली असेल, तर ती सहसा पुन्हा मागितली जात नाही. म्हणून एकाच मालकाची दहा डोमेन असतील तर दहाही नोंदींत अक्षरशः तोच ईमेल ठेवण्यात शहाणपण आहे.

यात आणखी एक पुष्टी मिसळलेली असते आणि लोकांची गल्लत होते. नोंदणीधारकाचे नाव, संस्था किंवा ईमेल बदलला तर त्याला ‘नोंदणीधारक बदल’ समजले जाते, आणि १ डिसेंबर २०१६ पासून लागू झालेल्या नियमानुसार त्याला जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नोंदणीधारकांची संमती लागते. म्हणजे नव्या ईमेलपेटीत सापडलेला दुवा दाबून काम अर्धेच होते. दुसरा दुवा जुन्या पेटीत वाट पाहत असतो, आणि ती पेटी तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याची असते. काही रजिस्ट्रार ग्राहकाच्या वतीने ही संमती देण्याची सोय ठेवतात, पण ती खात्यात आधी चालू केलेली असावी लागते. त्यामुळे दोन्ही पेट्या पाहाव्यात, स्पॅमचा कप्पा पाहावा, आणि ईमेल पाठवणाऱ्याचे नाव अनोळखी वाटले तरी लगेच सोडून देऊ नये, कारण पुनर्विक्रेत्याकडून घेतलेल्या डोमेनचा ईमेल मूळ रजिस्ट्रारच्या नावाने येतो. उलट बाजूने, या ईमेलची हुबेहूब नक्कल करणारे फसवे ईमेलही फिरतात. दुव्याविषयी शंका असल्यास तो न दाबता रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये स्वतः शिरावे आणि तिथून पुष्टीचा ईमेल पुन्हा मागवावा.

आता या सगळ्यातला सर्वांत वाईट सापळा. संपर्क-नोंदीतला ईमेल त्याच डोमेनवरचा असेल, तर डोमेन स्थगित झाल्यावर तो ईमेल चालत नाही, आणि ईमेल चालत नसल्याने स्थगिती उठवणारा दुवा पोहोचत नाही. किल्ली आत राहून दार लागावे तसा हा प्रकार आहे. एका शाळेच्या बाबतीत मी यात पुरता अडकलो होतो. शेवटी रजिस्ट्रारच्या मदत विभागाशी बोलून, संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज देऊन पर्यायी ईमेल नोंदवावा लागला आणि त्यात पाच दिवस गेले. तेव्हापासून माझ्या फाइलमधल्या प्रत्येक डोमेनचा संपर्क-ईमेल दुसऱ्या डोमेनवरचा असतो, आणि नोंद पाठवण्यापूर्वी स्क्रिप्ट हे तपासून वेगळेपणा नसेल तर पुढे जात नाही.

२. टूल खऱ्या दारावर उभे आहे का

बरेच रजिस्ट्रार सरावासाठी एपीआयची वेगळी आवृत्ती देतात. तिथे सर्व काही यशस्वी होते आणि प्रत्यक्षात काहीही बदलत नाही. टूलच्या रचनेत नेमका कोणता पत्ता दिला आहे, हे एकदा डोळ्यांनी वाचावे. सराव आणि खरी अशा दोन्ही एपीआयच्या चाव्या एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या असल्या, तर ही चूक कधी ना कधी होतेच.

याच वेळी चावीचे अधिकारही पाहावेत. केवळ वाचण्याचा अधिकार असलेली चावी नोंद दाखवते, पण बदलू देत नाही. शिवाय काही रजिस्ट्रार ठरावीक आयपी पत्त्यांवरूनच विनंत्या घेतात. कार्यालयातील साध्या ब्रॉडबँडचा पत्ता राउटर बंद-चालू केल्यावर बदलू शकतो, आणि काल चाललेले टूल आज काहीही न बदलता अडते.

३. बाहेरून नोंद पाहा, पण कोणाकडून पाहता ते ओळखा

डोमेनची नोंद बाहेरून पाहण्यासाठी पूर्वी हूइज ही शोधसेवा वापरत. २८ जानेवारी २०२५ पासून बहुतेक जेनेरिक डोमेनच्या रजिस्ट्री आणि रजिस्ट्रार यांच्यावर जुनी हूइज सेवा चालवण्याचे बंधन उरलेले नाही. तिची जागा आरडीएपी या नव्या शोधसेवेने घेतली आहे. जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘बदल झाला का’ हे हूइजवरून तपासण्याची ओळ असेल, तर उत्तर शिळे किंवा रिकामे येऊ शकते आणि टूल विनाकारण तक्रार करते. ती ओळ आधी बदलावी.

आरडीएपीचे उत्तर वाचताना ते रजिस्ट्रीकडून आले की रजिस्ट्रारकडून, हे बघणे अत्यावश्यक आहे. डॉट कॉम आणि डॉट नेट यांची रजिस्ट्री व्हेरिसाइन चालवते, आणि तिच्याकडे नोंदणीधारकाचा नाव-पत्ता नसतोच. तो रजिस्ट्रारकडे असतो. त्यामुळे डॉट कॉमचा संपर्क बदलल्यावर रजिस्ट्रीच्या उत्तरातील ‘शेवटचा बदल’ ही तारीख सरकली नाही, म्हणून घाबरायचे कारण नाही. रजिस्ट्रीच्या उत्तरातच रजिस्ट्रारच्या उत्तराकडे नेणारा दुवा असतो. तो उघडून पाहावे.

युरोपीय संघाचा खाजगी माहितीचा कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाल्यापासून बहुतेक नोंदींतील वैयक्तिक माहिती झाकलेली असते. झाकलेली नोंद जुनी आहे की नवी, हे बाहेरून कळत नाही. यासाठी पॅनेलमध्ये शिरून पाहणे हाच उपाय आहे.

आरडीएपीच्या उत्तरात ‘स्थिती’ या शीर्षकाखाली जे शब्द येतात ते कागदावर उतरवून घ्यावेत, कारण पुढच्या तपासण्या त्यांवर अवलंबून आहेत. ‘क्लायंट होल्ड’ दिसले तर डोमेन रजिस्ट्रारने स्थगित केले आहे आणि पहिली तपासणी अपुरी राहिली आहे असे समजावे. या स्थितीत रजिस्ट्री डोमेनचे नाव डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधण्याच्या यंत्रणेत, ठेवत नाही. नेमसर्व्हर कितीही बरोबर असले तरी संकेतस्थळ उघडत नाही ते यामुळे.

४. फाइलमधली माहिती अक्षर अक्षर तपासा

रोज तोच बदल दाखवणाऱ्या टूलचे मूळ बहुधा या पायरीवर सापडते. आपण फाइलमध्ये एक लिहितो, रजिस्ट्रार ते आपल्या पद्धतीने किंचित बदलून साठवतो, आणि टूल दोन्हींची तुलना करून प्रामाणिकपणे सांगते की हे जुळत नाही.

दूरध्वनीपासून सुरुवात करावी. ईपीपीतील मांडणी अशी: अधिक चिन्ह, देशाचा क्रमांक, एक टिंब, आणि त्यापुढे सलग अंक, मध्ये मोकळी जागा नाही, आडवी रेघ नाही. पुण्याचा लँडलाइन असेल तर +९१ नंतर टिंब, मग २० आणि पुढचे आठ अंक. ०२० मधले सुरुवातीचे शून्य येत नाही. आता गंमत अशी की हीच बरोबर मांडणी याम्ल (टूलसाठी माहिती लिहिण्याची एक पद्धत) फाइलमध्ये अवतरणचिन्हांविना लिहिली, तर बरीच साधने तिला दशांश अपूर्णांक समजतात. मग अधिक चिन्ह गळते, आणि क्रमांकाच्या शेवटी शून्य असेल तर तेही गळते, कारण गणिताच्या दृष्टीने ९१.५० आणि ९१.५ एकच. शून्याने संपणाऱ्या क्रमांकांचीच नोंद का फसते हे मला पहिल्यांदा कळले, तेव्हा त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली होती. पिनकोडलाही अवतरणचिन्हे घालावीत. एपीआयला तो मजकूर म्हणून हवा असतो, संख्या म्हणून नव्हे. यादी एक्सेलमधून आली असेल तर आणखी सावध राहावे, कारण बारा अंकी क्रमांक तिथे घातांकाच्या रूपात दिसू लागतो आणि तसाच नक्कल होऊन पुढे जातो.

दुसरी जागा लिपीची. ईपीपीमध्ये पत्त्याची दोन रूपे आहेत: एक आंतरराष्ट्रीय, ज्यात केवळ साधी रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे चालतात, आणि दुसरे स्थानिक, ज्यात देवनागरीही चालते. बहुतेक रजिस्ट्रार प्रत्यक्षात पहिलेच रूप मागतात. संस्थेच्या मराठी लेटरहेडवरून पत्ता उचलला आणि तो रोमनमध्ये लिहिला, पण पिनकोड देवनागरी अंकांतच राहिला, ही चूक मी अनेकदा दुरुस्त केली आहे. वर्डमधून आलेली वळणदार अवतरणचिन्हे, लांब रेघ आणि वेब पानावरून आलेली न तुटणारी मोकळी जागा हे तर डोळ्यांना दिसतही नाहीत. यासाठी एक स्वस्त युक्ती आहे: रोमन पत्त्याच्या ओळीतील अक्षरे मोजा आणि तिचे बाइट मोजा. साध्या रोमन मजकुरात दोन्ही आकडे सारखे येतात. न तुटणारी मोकळी जागा लपलेली असेल तर बाइट एकाने वाढतात, वळणदार अवतरणचिन्ह असेल तर दोनाने.

स्थानिक रूपात देवनागरी पत्ता ठेवणाऱ्यांसाठी एक खास मराठी अडचण आहे. ‘कऱ्हाड’ या शब्दातील अर्धा ऱ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण टूलच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. फाइल एका कळफलकावर आणि पॅनेलमधली नोंद दुसऱ्यावर लिहिलेली असेल, तर ही तुलना जन्मभर जुळणार नाही. पॅनेलमधला मजकूर जसाच्या तसा उचलून फाइलमध्ये ठेवणे हा सोपा उपाय.

तिसरी जागा राज्य, शहर आणि देश यांची. देशासाठी दोन अक्षरी रोमन संकेत लागतो, पूर्ण नाव नव्हे. राज्यासाठी कोणी पूर्ण नाव साठवतो, कोणी दोन अक्षरी संक्षेप; आपण लिहिले त्यापेक्षा वेगळे परत आले तर परत आलेले रूपच फाइलमध्ये लिहावे, वाद घालू नये. शहरांच्या नामांतरानंतर हा गोंधळ वाढला आहे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावे रोमनमध्ये लिहिताना एकाच संस्थेच्या तीन डोमेनवर मी तीन वेगळी वर्तनी पाहिली आहे. मात्र केवळ शहराचे नाव दुरुस्त करणे हा नोंदणीधारक बदल ठरत नाही, त्यामुळे ही सुधारणा बिनधास्त करता येते. फक्त त्याच फेरीत संस्थेच्या नावातील ‘मर्यादित’चा संक्षेप वगैरे ‘जाता जाता’ सुधारू नये. संस्थेच्या नावात बदल झाला की दोन्ही बाजूंच्या संमतीचे आणि पुढे सांगितलेल्या ६० दिवसांचे चक्र सुरू होऊ शकते.

५. कुलूप कोणते आहे ते पाहा

२३०४ हा क्रमांक आला असेल तर तिसऱ्या तपासणीत उतरवलेली स्थिती काढावी. ‘क्लायंट अपडेट प्रोहिबिटेड’ हे कुलूप रजिस्ट्रारने लावलेले असते आणि सहसा पॅनेलमधून काढता येते. काम झाल्यावर ते पुन्हा लावावे.

‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ या कुलपाला मात्र हात लावू नये. ते डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे पळवले जाऊ नये म्हणून असते. संपर्क-नोंद बदलण्याला ते अडवत नाही. ‘सगळी कुलपे काढून बघू’ म्हणून ते काढणारे आणि मग लावायला विसरणारे बरेच भेटतात.

स्थितीची सुरुवात ‘सर्व्हर’ या शब्दाने होत असेल, तर कुलूप रजिस्ट्रीचे आहे. ते टूलने, पॅनेलने किंवा विनवण्यांनी निघत नाही. तिथे थांबावे आणि शेवटचा भाग वाचावा.

६. बदल भलत्याच नोंदीवर तर होत नाही ना

जिथे रजिस्ट्री स्वतः संपर्क-नोंदी ठेवते, तिथे संपर्क ही डोमेनपासून वेगळी वस्तू असते. तिला स्वतःचा ओळख-संकेत असतो आणि डोमेन त्या संकेताकडे बोट दाखवते: नोंदणीधारक म्हणून हा, तांत्रिक संपर्क म्हणून तो. एकाच संकेताकडे पन्नास डोमेन बोट दाखवू शकतात.

यातून दोन विरुद्ध बिघाड जन्मतात. पहिल्यात टूल एका संपर्काची माहिती इमानदारीने बदलते, पण डोमेन मधल्या काळात दुसऱ्या संकेताकडे वळलेले असते, म्हणून डोमेनवर काहीच दिसत नाही. दुसऱ्यात एका ग्राहकासाठी केलेला बदल त्याच संकेताला जोडलेल्या इतर ग्राहकांच्या डोमेनवरही उमटतो, आणि तो कळतो तेव्हा त्यांना आलेल्या अनाकलनीय पुष्टी-ईमेलमुळे कळतो. म्हणून बदलापूर्वी डोमेनची माहिती मागवून तिच्यातला संकेत फाइलमधल्या संकेताशी ताडून पाहावा, आणि भिन्न मालकांसाठी भिन्न संकेत ठेवावेत. काही टूल दर वेळी नवा संपर्क तयार करतात आणि जुना तसाच सोडतात. असा जुना संपर्क पुसताना २३०५ ही चूक आली, तर एखादे डोमेन अजून त्याला जोडलेले आहे असा तिचा अर्थ. ती चूक नसून इशारा आहे.

७. टूल उत्तराची वाट पाहते का

एपीआयने विनंती स्वीकारली म्हणजे बदल झाला असे नाही. ईपीपीमध्येच याची सोय आहे: १००० म्हणजे काम पूर्ण, १००१ म्हणजे विनंती घेतली पण काम बाकी. ॲमेझॉनच्या रूट ५३ सेवेत संपर्क बदलण्याची विनंती केल्यावर हातात फक्त कामाचा एक क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक देऊन काम सुरू आहे, यशस्वी झाले की फसले, हे वेगळे विचारावे लागते. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये हा दुसरा प्रश्न विचारणारी ओळ नसेल, तर तिच्या ‘यशस्वी’ या शब्दाला पोचपावतीपेक्षा जास्त किंमत देऊ नये.

गोपनीयता-सेवा (मालकाऐवजी स्वतःचा नाव-पत्ता दाखवणारी सेवा) चालू असलेल्या डोमेनवर काही एपीआय खऱ्या माहितीऐवजी सेवेची माहिती परत देतात. मग तुलना कधीच जुळत नाही. तसेच २१ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या आयकॅनच्या नव्या धोरणानुसार जेनेरिक डोमेनसाठी प्रशासकीय संपर्क गोळा करणे बंधनकारक राहिलेले नाही. जुन्या फाइलमध्ये तो लिहिलेला आहे आणि रजिस्ट्रार तो साठवत नाही, अशी स्थिती असेल तर टूल रोज तो लिहील आणि रोज तो रिकामा वाचेल. फाइलमधून तो भाग काढून टाकावा. टेराफॉर्मला एखाद्या रकान्यातील फरक दुर्लक्षित करायला सांगता येते, पण हा उपाय मी कारण सापडल्यावरच वापरतो. कारण न शोधता वापरला तर उद्याचा खरा फरकही दिसत नाही.

एकाच फेरीत बरीच डोमेन बदलताना पहिली काही यशस्वी होऊन पुढची फसत असतील, तर विनंत्यांच्या वेगावरील मर्यादा आड येत आहे. दोन विनंत्यांमध्ये काही सेकंद सोडावेत आणि दहा-दहाच्या गटात काम करावे.

८. बदल झाला, पण डोमेन हलवता येत नाही

नोंदणीधारक बदल पूर्ण झाला की जेनेरिक डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्यावर ६० दिवसांची बंदी येते. बदलापूर्वी ती नाकारण्याचा पर्याय रजिस्ट्रारने दिला असेल आणि तुम्ही तो घेतला असेल, तरच ती टळते. बदलानंतर नाकारता येत नाही. म्हणून डोमेन हलवायचे ठरले असेल तर आधी हलवावे आणि मग नाव बदलावे. या नियमाच्या फेररचनेवर आयकॅनमध्ये काम झालेले आहे, त्यामुळे रजिस्ट्रारचे सध्याचे मदतपान वाचून घ्यावे. डॉट इन आणि डॉट भारत यांची रजिस्ट्री निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे आणि देशाच्या डोमेनला आयकॅनचे हे नियम लागू नाहीत. त्यांची फाइल आणि वेळापत्रक मी वेगळे ठेवतो.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पुढीलपैकी काही आढळले तर टूल बंद ठेवावे आणि प्रयोग थांबवावेत. डोमेन स्थगित आहे आणि जुनी-नवी एकही ईमेलपेटी उघडत नाही, तर रजिस्ट्रारच्या मदत विभागाशिवाय कोणीही काही करू शकत नाही. रजिस्ट्रीचे कुलूप असेल तरीही मार्ग रजिस्ट्रारमार्फतच जातो. जो बदल तुम्ही केला नाही तो नोंदीत दिसत असेल, तर त्याला बिघाड न समजता चोरी समजावे: पासवर्ड आणि एपीआयच्या चाव्या लगेच बदलाव्यात, रजिस्ट्रारला त्याच दिवशी लेखी कळवावे, आणि सायबर पोलिसांकडे तक्रार द्यावी. मुदत संपायला थोडे दिवस उरले असतील तर संपर्क-नोंद बाजूला ठेवून आधी नूतनीकरण करावे, कारण मुदत संपलेले डोमेन रजिस्ट्रारने काढून टाकल्यावर मिळणाऱ्या ३० दिवसांच्या सोडवणूक-काळात ते परत मिळवायला बरेच जास्त पैसे लागतात.

नोंदणीधारक म्हणून पूर्वीच्या वेब डिझायनरचे, मृत भागीदाराचे किंवा बंद झालेल्या फर्मचे नाव असेल, तर हे काम संगणकवाल्याचे नाही, वकिलाचे आहे. ‘आपल्याकडे पासवर्ड आहे ना, मग नाव बदलून टाका’ असे ग्राहक हमखास म्हणतो; मी नाही म्हणतो. डोमेनच्या मालकीचे वाद सोडवण्याच्या यूडीआरपी या नियमांखाली किंवा डॉट इनच्या बाबतीत आयएनडीआरपीखाली वाद चालू असेल, तर नोंदणीधारकाच्या नोंदीला अजिबात स्पर्श करू नये. आणि अडलेले काम पुढे जावे म्हणून खोटा पत्ता किंवा भलताच क्रमांक लिहू नये. जाणूनबुजून चुकीची माहिती देणे हे डोमेन रद्द करण्यास पुरेसे कारण मानले जाते.

मदत विभागाला किंवा वकिलाला गाठताना डोमेनचे नाव, आरडीएपीचे उत्तर तारखेसह, टूलने दाखवलेल्या चुकीचा क्रमांक, विनंतीचा क्रमांक आणि वेळ, शेवटच्या नूतनीकरणाची पावती आणि संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत एवढे जवळ ठेवावे. विनंतीची वेळ सांगताना ती भारतीय आहे की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), हे लिहावे. रजिस्ट्रारच्या नोंदवहीत बहुधा यूटीसी असते आणि साडेपाच तासांच्या फरकामुळे त्यांना तुमची विनंती सापडत नाही.